संगणक सुरू का होत नाही? : यूएसबीवरील कार्यप्रणालीचे दोषनिदान

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. ब्रिटिश कौन्सिल, अमेरिकन सेंटर, मॅक्स म्युलर भवन व भारतीय विद्या भवन या संस्था याच रस्त्यावर आहेत, आणि २०१३ मध्ये नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटनही येथेच झाले. अभ्यासासाठी वा स्पर्धापरीक्षेसाठी महाराष्ट्रातून दिल्लीस आलेला विद्यार्थी अशा वाचनाच्या वस्तीत आला की, एक गोष्ट त्याच्या सहज ध्यानात येते. ग्रंथालयातील पुस्तक सर्वांचे असते. त्यावरून काढलेल्या टिपणांची वही मात्र ज्याची त्याची असते. वाचक आपली वही घेऊन येतो, मिळेल त्या मेजाशी बसतो आणि उठताना वही बरोबर घेऊन जातो.

संगणकाच्या बाबतीत ही सोय पुष्कळ काळ नव्हती. यंत्रातील सर्व व्यवहार ज्या मूळ व्यवस्थेच्या आधारे चालतात, त्या व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. ती यंत्राच्या पोटातील हार्ड डिस्कवर बसविलेली असे, आणि यंत्र सोडून ती कोठे जाऊ शकत नसे. आज बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर संपूर्ण कार्यप्रणाली, लेखनाची साधने आणि मालकाची सर्व टिपणे मावतात. तो पेनड्राइव्ह कोणत्याही योग्य यंत्राला जोडावा, त्यावरून यंत्र सुरू करावे, काम करावे आणि निघताना तो खिशात घालावा. यंत्र सर्वांचे, वही मात्र ज्याची त्याची, हा ग्रंथालयाचा न्याय येथेही लागू होतो.

तथापि या सोयीची एक अडचण अनुभवास येते. काल एका यंत्रावर सुरळीत चाललेला पेनड्राइव्ह आज दुसऱ्या यंत्रावर हूं की चूं करीत नाही. पडदा काळा राहतो, अथवा दोन ओळींचा इंग्रजी संदेश उमटून सर्व काही थांबते. सहा महिन्यांची टिपणे ज्यात आहेत, ती वस्तू अशी मुकी झाली की माणूस घाबरतो, आणि घाईने पेनड्राइव्ह पुसून सर्व काही नव्याने बसवू लागतो. अशा वेळी बहुधा टिपणे शाबूत असतात. ती नाहीशी होतात ती मालकाच्याच हातून. म्हणून संगणक कसा सुरू होतो, तो कोठे अडतो आणि अडला असता काय करावे व काय करू नये, हे जाणणे प्रत्येक विद्यार्थ्यास आणि ग्रंथपालास उपयोगाचे आहे.

‘बूट’ म्हणजे काय?

संगणक सुरू होण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘बूट होणे’ म्हणतात. उंच बुटाच्या मागील बाजूस तो पायात ओढून घेण्यासाठी एक पट्टी असते. त्या पट्ट्यांना धरून स्वतःलाच वर उचलणारा माणूस, ही इंग्रजी भाषेतील अशक्य कोटीची एक जुनी कल्पना आहे. संगणकाची अडचण नेमकी हीच होती. कोणतीही सूचनावली स्मृतीत आणण्यासाठी दुसरी सूचनावली लागते. मग पहिली सूचनावली कोणी आणावयाची?

आरंभीच्या काळात हे काम माणूसच करीत असे. १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकाच्या दर्शनी फळीवर खटक्यांच्या रांगा होत्या. ते खटके वरखाली करून मालक पहिल्या थोड्या सूचना हाताने स्मृतीत भरी. त्या सूचना मग कागदी फितीवरून पुढील मोठी सूचनावली वाचून घेत. पुढे हे पहिले पाऊल यंत्रातच कायमचे कोरून ठेवण्यात आले. १९८१ साली आलेल्या आयबीएम कंपनीच्या व्यक्तिगत संगणकात अशी कोरीव सूचनावली होती. तिचे नाव बायोस. मदरबोर्डवर वसणाऱ्या अशा सूचनावलीस सामान्यतः फर्मवेअर म्हणतात.

कार्यप्रणाली यंत्राबाहेर आणण्याची कल्पना त्यानंतरची. जर्मनीतील क्लाउस नॉपर यांनी २००० साली नॉपिक्स ही संपूर्ण लिनक्स प्रणाली सीडीवरून थेट चालवून दाखविली. त्याच वर्षी पेनड्राइव्ह बाजारात आले. त्या वेळी त्यांची क्षमता अवघी ८ मेगाबाइट असे. ज्या यूएसबी जोडणीवर हे सर्व अवलंबून आहे, तिची पहिली आवृत्ती १९९६ सालची. तिच्या घडणीत इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. भारतातही, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. मराठीसह अनेक भारतीय भाषा तीत वापरता येतात, आणि हार्ड डिस्कवर न बसविता ती चालवूनही पाहता येते.

पाच हातांतून जाणारा निरोप

बूट होणे ही एकच क्रिया नसून ती पाच टप्प्यांची साखळी आहे. पहिल्या टप्प्यात वीज मिळताच फर्मवेअर जागे होते, स्मृती व कळफलक तपासते आणि जोडलेल्या चकत्यांची व पेनड्राइव्हची नोंद घेते. दुसऱ्या टप्प्यात ते त्यांपैकी एकाची निवड करून त्यावरील बूटलोडर नावाची छोटी सूचनावली शोधते. तिसऱ्या टप्प्यात बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. त्याच्याबरोबर आवश्यक साधनांची एक लहान शिदोरीही आणतो. चौथ्या टप्प्यात कर्नल त्या शिदोरीच्या साहाय्याने आपले खरे घर, म्हणजे मूळ फाइलव्यवस्था, कोणत्या चकतीवर आहे ते शोधून काढतो. पाचव्या टप्प्यात तेथील सेवा एकामागून एक सुरू होतात आणि अखेरीस नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा दिसतो.

प्रत्येक टप्पा पुढच्याच्या हाती काम सोपवून बाजूला होतो. निरोप पाच माणसांच्या हातून जावयाचा असेल आणि तो पोहोचला नाही, तर तो कोणाच्या हाती राहिला हे आधी विचारावे लागते. दोषनिदानाचे सारे रहस्य या एका प्रश्नात आहे. सुदैवाने, प्रत्येक टप्प्याची अडण्याची तऱ्हा निराळी असते, आणि पडद्यावरील संदेश नीट वाचला तर टप्पा ओळखता येतो.

यंत्राला पेनड्राइव्ह दिसतो काय?

यंत्र सुरू करताच त्याने पेनड्राइव्हकडे दुर्लक्ष करून आपली नेहमीची कार्यप्रणाली उघडली, अथवा बूट करण्याजोगे साधन नाही अशा अर्थाचा संदेश दिला, तर अडथळा पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यावर आहे. येथे सर्वांत सोपी तपासणी प्रथम करावी. यंत्र सुरू होत असताना एफ १२, एफ ९, एफ ११ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबली असता बूट-साधनांची यादी उघडते. कळ कोणती, हे यंत्राच्या निर्मात्यावर अवलंबून असते. त्या यादीत पेनड्राइव्हचे नाव असेल तर केवळ निवड चुकत होती. नाव नसेल तर तो दुसऱ्या खाचेत घालावा. मधला हब अथवा लांब तार काढून टाकावी. मेजावरील संगणकाच्या दर्शनी खाचा आत तारेने जोडलेल्या असतात. त्यांऐवजी मागील, थेट मदरबोर्डवरच्या खाचा वापराव्यात. जुन्या यंत्रांचे फर्मवेअर काही वेळा निळ्या, वेगवान खाचेतील पेनड्राइव्ह ओळखत नाही, परंतु काळ्या खाचेतील ओळखते.

विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत ‘शट डाउन’ केलेले यंत्र पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही. पुन्हा लवकर सुरू होता यावे म्हणून ते गाभ्याची अवस्था चकतीवर जपून झोपते. असे यंत्र जागे होताना पेनड्राइव्हकडे पाहतच नाही असे पुष्कळांना आढळते. अशा वेळी ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ ही आज्ञा द्यावी. विंडोज अशी अर्धवट झोपेत असताना पेनड्राइव्हवरील दुसऱ्या प्रणालीतून तिच्या चकतीवर काही लिहू नये. त्या चकतीवरील माहितीस अपाय होऊ शकतो.

सर्व यंत्रांच्या यादीतून पेनड्राइव्ह गायब असेल, तरच त्याच्यावर संशय घ्यावा. एका यंत्रावर तो दिसतो व दुसऱ्यावर दिसत नाही, एवढ्याने तो नादुरुस्त ठरत नाही.

जुनी रीत व नवी रीत

पेनड्राइव्ह यादीत दिसतो, निवडताही येतो, पण लगेच पडदा काळा होऊन डोळा मिचकावणारी एक रेघ तेवढी उरते, असे झाल्यास बूटलोडर सापडलेला नाही. याचे कारण समजण्यासाठी दोन पद्धतींतील भेद जाणला पाहिजे.

बायोसच्या जुन्या पद्धतीत यंत्र चकतीचा पहिला खंड वाचते. हा खंड अवघ्या ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइट सूचनांसाठी आणि ६४ बाइट चकतीच्या विभागांच्या नोंदीसाठी असतात. अखेरचे २ बाइट म्हणजे ओळखीची खूण होय. ती खूण नसेल तर बहुतेक यंत्रे चकती बूटयोग्य मानीतच नाहीत. नव्या पद्धतीचे नाव यूईएफआय. तिची मुळे इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या कामात आहेत, आणि २००५ साली अनेक कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या मंडळाकडे तिची मानके ठरविण्याचे काम आले. या पद्धतीत फर्मवेअरला फाइली वाचता येतात. ते फॅट ३२ पद्धतीच्या एका खास विभागात ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर पाहते, आणि बाहेरून जोडलेल्या साधनावर त्यातील ‘बूट’ या उपफोल्डरात ‘बूटएक्स६४’ या ठरावीक नावाची फाइल शोधते.

जुन्या पद्धतीने तयार केलेला पेनड्राइव्ह केवळ नवी पद्धत जाणणाऱ्या यंत्रावर चालत नाही, तद्वतच उलटही. पुष्कळ यंत्रे मधल्या काळात दोन्ही पद्धती चालवीत; परंतु जुन्या पद्धतीचा आधार २०२० पर्यंत काढून घेण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला, आणि त्यानंतरची अनेक यंत्रे केवळ नवीच पद्धत मानतात. तसेच एआरएम घडणीच्या प्रक्रियकाचे यंत्र इंटेल घडणीसाठी केलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू होणार नाही. तेथे दुरुस्ती नाही, योग्य प्रतच आणावी लागते.

नवशिक्याच्या हातून येथे एक प्रमाद नेहमी घडतो. कार्यप्रणालीची जी एकसंध प्रतिमा-फाइल उतरवून घेतलेली असते, ती इतर फाइलींप्रमाणे पेनड्राइव्हवर नुसती नकलून ठेवली जाते. पुस्तकाचा खोका कपाटात ठेवल्याने पुस्तके फडताळावर लागत नाहीत. तसेच हे आहे. प्रतिमा-फाइल खास साधनाने पेनड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते. लिहिण्यापूर्वी ती पूर्ण व अविकृत आहे याचीही खात्री करावी. प्रकाशक प्रत्येक प्रतिमेसोबत ६४ अंकाक्षरांची एक तपासखूण देतात. उतरविलेल्या फाइलीची खूण तिच्याशी जुळली नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

सर्वांत फसवा दोष

पेनड्राइव्हवर केवळ प्रतिमा न लिहिता, हार्ड डिस्कवर बसवावी तशी संपूर्ण कार्यप्रणाली बसविली जाते, तेव्हा एक वेगळाच दोष उद्भवतो. तो फसवा आहे. कारण ज्या यंत्रावर ही बसवणी झाली, तेथे तो काही काळ मुळीच दिसत नाही.

बसवणी करताना कार्यप्रणालीच्या फाइली पेनड्राइव्हवर जातात; परंतु बूटलोडर कोठे ठेवावा, याचा निर्णय बसवणारा कार्यक्रम स्वतःच करतो. यंत्राच्या आतील हार्ड डिस्कवर यूईएफआयचा खास विभाग आधीच असला, तर काही बसवणी-कार्यक्रम तोच विभाग वापरतात आणि त्याची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत करून ठेवतात. अशा रीतीने घराची किल्ली शेजाऱ्याच्या खुंटीवर राहते. पेनड्राइव्ह त्याच यंत्राला जोडला असेतोवर सर्व काही सुरळीत चालते. दुसऱ्या यंत्राला जोडला की तो सुरू होत नाही, कारण बूटलोडर त्याच्यावर नाहीच. उलट, पेनड्राइव्ह काढून घेतलेले पहिले यंत्रही अडून बसते. त्याच्या पडद्यावर ‘ग्रब’ हा शब्द उमटतो आणि असे साधन सापडत नाही अशी तक्रार दिसते. कारण बूटलोडर यंत्रात आहे, पण त्याची पुढील सामग्री मालकाच्या खिशात निघून गेली आहे. त्यातील विंडोज नष्ट झालेली नसते; फर्मवेअरच्या बूट-यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडल्यास ती बहुधा उघडते.

यावर उपाय असा की, ज्या यंत्रावर पेनड्राइव्हवरील प्रणाली चालते त्यावर ती सुरू करून, बूटलोडर पेनड्राइव्हवरील स्वतंत्र फॅट ३२ विभागात पुन्हा बसवावा, आणि तो वर सांगितलेल्या ठरावीक नावाने बसवावा. ग्रब बूटलोडरमध्ये काढता येण्याजोग्या साधनासाठी असा खास पर्याय आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोष होऊच न देणे. बसवणी करताना यंत्रातील हार्ड डिस्कची जोडणी काढून ठेवावी, अथवा फर्मवेअरमधून ती तात्पुरती बंद करावी. आत दुसरी चकतीच नसेल, तर बूटलोडर चुकीच्या जागी जाणार कसा? याच एका खबरदारीमुळे भलत्याच चकतीवरील माहिती पुसली जाण्याचा धोकाही टळतो.

पहारेकरी आणि त्याची यादी

२०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ नावाची व्यवस्था सर्वत्र पसरली. हिच्यात फर्मवेअर पहारेकऱ्याप्रमाणे वागते. ज्या बूटलोडरवर मान्यताप्राप्त अंकीय सही आहे, त्यालाच ते आत सोडते. लिनक्सच्या प्रमुख वितरणांकडे मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ नावाचा छोटा दुवा असतो; त्याच्या साहाय्याने ती वितरणे या पहाऱ्यातून जातात. ज्यांच्याकडे अशी सही नाही, ती अडविली जातात, आणि सुरक्षेचा नियम मोडल्याचा स्पष्ट संदेश दिसतो.

ऑगस्ट २०२४ मधील एक घटना येथे उद्बोधक ठरेल. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी दिलेल्या एका सुधारणेने मदरबोर्डच्या स्मृतीत जुन्या, सदोष बूटलोडरांना मज्जाव करणारी नवी मर्यादा नोंदविली. ज्या यंत्रांवर विंडोजसोबत लिनक्सही आहे, त्यांना ही सुधारणा लागू होऊ नये असा हेतू होता. तरीही अनेक यंत्रांवर ती लागू झाली, आणि ठीक चाललेल्या लिनक्स प्रणाली एकाएकी अडल्या. पेनड्राइव्हमध्ये कोणी काही बदलले नव्हते; बदलली होती ती पहारेकऱ्याची यादी. ‘कालपर्यंत चालत होते’ या वाक्याने पेनड्राइव्हचाच दोष सिद्ध होत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अशा प्रसंगी वितरणाची नवी आवृत्ती घेऊन तिचा बूटलोडर वापरणे हा सरळ मार्ग होय. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करता येते. परंतु यंत्र स्वतःचे नसेल तर मालकाच्या वा ग्रंथपालाच्या अनुमतीवाचून त्याच्या फर्मवेअरला हात लावू नये. स्वतःच्या यंत्रावरही आधी एक तपासणी करावी. विंडोजची चकती ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर या बदलानंतर ती ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागू शकते. ही किल्ली हाताशी नसताना केलेला बदल पेनड्राइव्हऐवजी सगळ्या यंत्रालाच बंद करून बसेल.

गाभा जागा होतो, घर सापडत नाही

बूटलोडरची यादी दिसली, कर्नलचे संदेश पडद्यावरून सरकले आणि मग मूळ फाइलव्यवस्था सापडत नाही असे म्हणून सर्व थांबले, तर तीन टप्पे पार पडले असून चौथा अडला आहे. आता फर्मवेअरमध्ये शोधाशोध करणे व्यर्थ होय. या टप्प्यावर कारणे मुख्यतः तीन असतात.

पहिले कारण नावाचे. लिनक्समध्ये चकत्यांना सापडतील त्या क्रमाने नावे मिळतात. एका यंत्रावर दुसऱ्या क्रमांकाचा असलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर तिसरा ठरू शकतो. कर्नलला घराचा पत्ता क्रमांकाने सांगितला असेल, तर तो भलत्याच दारी जातो. म्हणून पत्ता नेहमी त्या विभागाच्या स्वतःच्या कायम ओळखक्रमांकाने, म्हणजे यूयूआयडीने, द्यावा.

दुसरे कारण वेळेचे. यूएसबी साधन ओळखले जाण्यास काही सेकंद लागतात, आणि कर्नल त्याआधीच शोध संपवितो. बूटलोडरच्या यादीत ‘ई’ कळ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘रूटडिले’ हा शब्द रोमन लिपीत लिहून त्यापुढे बरोबरीचे चिन्ह व दहाचा आकडा दिल्यास कर्नल दहा सेकंद थांबतो. असा बदल त्या एका वेळेपुरताच असल्याने तो करून पाहण्यात धोका नाही.

तिसरे कारण शिदोरीचे. कर्नलसोबत येणाऱ्या शिदोरीत यंत्रभागांशी बोलणारी साधने असतात. जागा वाचविण्यासाठी काही वितरणे ज्या यंत्रावर ती तयार केली जाते त्या यंत्राला लागतील तेवढीच साधने तीत भरतात. एकाच गावी राहणाऱ्यास ते पुरते. फिरस्त्यास पुरत नाही. वेगवेगळ्या यंत्रांवर वापरावयाच्या पेनड्राइव्हसाठी सर्वसमावेशक शिदोरी तयार करून ठेवावी. विंडोजमध्येही याच जातीचा दोष असतो. बूटसाधन गाठता येत नाही अशा अर्थाचा संदेश देऊन ती निळ्या पडद्यावर थांबते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ‘विंडोज टू गो’ या नावाने यूएसबीवरून चालणारी विंडोज संस्थांसाठी आणली होती. २०२० च्या आवृत्तीपासून ती सोय काढून टाकण्यात आली.

पाचव्या टप्प्यावरील दोष त्या मानाने सौम्य असतात. कायम जोडावयाच्या चकत्यांच्या नोंदवहीत घरच्या यंत्रातील एखाद्या चकतीचे नाव राहिले असेल, तर परक्या यंत्रावर प्रणाली तिची सुमारे दीड मिनिट वाट पाहते आणि मग आणीबाणीच्या पडद्यावर येऊन थांबते. ती नोंद काढली की काम होते. सर्व सेवा सुरू होऊनही पडदा काळाच राहिला, तर चित्रदर्शक भागाशी न जमल्याचा संभव असतो. तेथे कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत घातल्याने साधे चित्र तरी मिळते आणि पुढील दुरुस्ती करता येते.

पेनड्राइव्ह स्वतः आजारी असेल तर

पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. या स्मृतीची प्रत्येक पेशी मर्यादित वेळाच पुसून लिहिता येते. कार्यप्रणाली सतत बारीकसारीक नोंदी लिहीत असते. फाइली नेण्या-आणण्यासाठी केलेला स्वस्त पेनड्राइव्ह या कामाने लवकर थकतो. बूट होण्यास दिवसेंदिवस अधिक वेळ लागणे, वाचनदोषाचे संदेश येणे, अथवा फाइलव्यवस्था एकाएकी केवळ वाचण्यापुरती उपलब्ध होणे, ही त्याची पूर्वचिन्हे होत. नियमित वापरासाठी यूएसबी पेटीत बसविलेली छोटी एसएसडी चकती अधिक टिकाऊ ठरते. बाजारात खोटी क्षमता छापलेले पेनड्राइव्हही मिळतात; त्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे लिहिलेली माहिती नाहीशी होते. नव्या पेनड्राइव्हची पूर्ण क्षमता लिहून-वाचून तपासूनच त्यावर विसंबावे.

आजारी पेनड्राइव्हवर दुरुस्तीचे कार्यक्रम लगेच चालविणे हितावह नाही. दुरुस्तीही शेवटी लिहिण्याचीच क्रिया आहे. चालू यंत्राला तो साध्या साधनाप्रमाणे जोडावा आणि प्रथम टिपणे उतरवून घ्यावीत. शक्य असल्यास संपूर्ण पेनड्राइव्हची प्रतिमा काढावी व जे प्रयोग करावयाचे ते प्रतीवर करावेत. बूट न होणारा पेनड्राइव्ह वाचता येत नाही असे मुळीच नाही. हे न कळल्यामुळे हकनाक पुसल्या गेलेल्या वह्या थोड्या नसतील.

निदानाची शिस्त

वरील सर्व तपासण्यांतून एक कार्यपद्धती निघते. संदेश प्रथम अक्षरशः टिपून घ्यावा. फोनवर त्याचे छायाचित्र घेणे सर्वांत उत्तम. त्यावरून टप्पा ठरवावा. मग तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर, आणि दुसरा चालू पेनड्राइव्ह याच यंत्रावर लावून पाहावा. या दोन प्रयोगांनी दोष यंत्रात आहे की पेनड्राइव्हमध्ये, हे पुष्कळदा पाच मिनिटांत कळते. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. तीन बदल एकदम केल्याने यंत्र सुरू झालेच, तरी कशामुळे सुरू झाले ते कळत नाही, आणि पुढील वेळी तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो. जे बदल परत फिरविता येतात ते आधी करावेत. पुसण्याची क्रिया सर्वांत शेवटी, आणि तीही माहितीची प्रत हाती आल्यावरच.

या ज्ञानाचे महत्त्व आज अधिकच वाढले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, परंतु अन्यथा धडधाकट असलेली अनेक यंत्रे शाळांत व ग्रंथालयांत आहेत. ती मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर यूएसबीवरून एखादी मुक्त प्रणाली चालवून पाहता येते; आतील चकतीस हात न लावता पडदा, ध्वनी व जाळेजोडणी नीट चालते की नाही ते कळते. पहिल्या प्रयत्नास काळा पडदा दिसला म्हणजे यंत्र निरुपयोगी ठरत नाही. बूट-यादी उघडणारी कळ, यंत्राची पद्धत जुनी की नवी, सिक्युअर बूट चालू की बंद आणि कोणती खाच विश्वासाची, या चार गोष्टी लिहिलेली एक चिठ्ठी शाळेने प्रत्येक यंत्रावर चिकटवून ठेवावी. तेवढ्याने पुढच्या विद्यार्थ्याचा अर्धा तास वाचेल, आणि एखाद्या जुन्या यंत्राचे आयुष्य काही वर्षांनी वाढेल.